हद्दीवरचा कप्तान

लेवी होक आमच्या गावचा गुत्तेवाला. लढाई त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नाही, तरी मरेपर्यंत कप्तान म्हणून मिरवला. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या हंगामी फौजेत, अधिकारी शिपायांनीच निवडायचे. निवडणुकीच्या सकाळी लेवीने व्हिस्कीचं पिंप फोडलं आणि दुपारी त्याच्या कमरेला तलवार लटकली. कवायतीत ती त्याच्याच पायात यायची.

अमेरिकेतल्या यादवीच्या त्या सप्टेंबरात दक्षिणेचे बंडखोर शेजारच्या मेरीलँड राज्यात घुसले. आमची पलटण मोठ्या तोऱ्यात निघाली आणि राज्याच्या हद्दीच्या दगडापाशी चुली मांडून बसली. तिथून मैलभर पलीकडे, एका कोठारात, माझा धाकटा भाऊ जोसाया मांडीत गोळी घेऊन पडला होता. तो खऱ्या फौजेतला. निरोप मिळताच मी लेवीला गाठलं.

"लेवी, तुझी घोडागाडी दे. जोसायाचं रक्त थांबत नाहीये."

"सॅलोमी, अगं माझा जीव तुटतो गं! पण आमची भरती राज्यापुरती. दगडापलीकडे जायचं तर पोरांना विचारावं लागेल."

"मग विचार की! बंडखोर तर कालच पळाले."

त्या बावळटाने खरंच हात वर करायला लावले. तिघांचे वर झाले. बाकीचे तव्यावरच्या डुकराच्या मांसाकडे बघत बसले.

"बहुमत नाही, बाई. मी तरी काय करू?"

"पिंप फोडताना बरं बहुमत लागलं नाही तुला!"

मी शेजारणीची हातगाडी घेऊन एकटीच गेले. परतताना जोसाया आधी बोलत होता, मग पाणी मागत होता, मग गप्प झाला. दगड दिसू लागला तेव्हा त्याचा हात गार पडला होता.

चाक दगडाच्या अलीकडे आलं मात्र, लेवीने टोपी काढली, रांग उभी केली, सलामी दिली.

"आता सोड, सॅलोमी. इथून आमची गाडी नेईल त्याला."

मी त्याच्या बुटांवर थुंकले आणि हातगाडी घरापर्यंत स्वतः ढकलली. ते सगळे टोप्या हातात घेऊन मागून चालत आले, निर्लज्ज!

पुढे पलटणीच्या दर मेळाव्यात लेवी गळा काढून सांगायचा, जोसायाला आम्हीच घरी आणलं. लोक डोळे पुसायचे.

तो मेला तेव्हा अख्खं गाव दफनाला लोटलं. मीही गेले, दफनभूमीच्या फाटकापर्यंत. त्याच्या पुढे मी पाऊल टाकलं नाही.