निकेलकाकांचे लोखंडी आकडे

तीस वर्षं निकेलचा मुलामा चढवण्यात घालवलेला हा माणूस. नळाच्या तोटीपासून सायकलच्या हँडलपर्यंत काय चमकवलं नाही ते विचारा. कारखाना बंद पडला तसे ते एका प्रयोगशाळेत लागले आणि तिथं सगळ्यांचे निकेलकाका झाले. बायको म्हणाली, "घरात एक पातेलं घासत नाही, आणि तिकडं पत्रे घासायची नोकरी!"

तिथलं काम असं: मक्याचे दाणे काढून उरलेल्या बुरकुंडांपासून एक पदार्थ काढायचा, तो कॉस्टिकच्या पाण्यात घालायचा, निकेलचे पत्रे बुडवायचे आणि वीज सोडायची. पत्र्यावरच्या लेपाला टेकून त्या पदार्थाचं आम्ल होतं, बाटल्यांच्या प्लास्टिकला लागणारं. लेप मधल्या दलालासारखा. सौदा जमवतो, स्वतः खर्ची पडत नाही. तो या प्रयोगाच्या प्रमुख मॅडमनी दोन वर्षं खपून शोधला होता. पत्र्यावर चढवायचे काका.

पण पंधरा दिवस झाले, नुसते बुडबुडे. आम्ल करायचं सोडून वीज पाण्यातून प्राणवायू काढत बसली होती. शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर प्रयोगाचं टेबल दुसऱ्या गटाला, असं मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं. टेबल गेलं की काकांचं कामही गेलं.

लेपच चुकलाय असं धरून मॅडम कागदावर नवा लेप मांडत बसल्या. काका मात्र पत्रा ज्याला टांगला होता त्या आकड्याकडे बघत होते. तो त्यांनीच वाकवलेला, पंधरा दिवसांपूर्वी, लोखंडी तारेचा. कारखान्यातली हाताची सवय. आणि लोखंडाचा कण लागला तरी निकेल बुडबुड्यांना सोकावतं, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलेलं!

"मॅडम, तुमचा लेप शहाणा आहे. गाढव मी आहे."

"का हो काका?"

"आकडे लोखंडाचे लावले. टोकं पाण्यात बुडतायत."

मॅडमनी कपाळावर हात मारला. "पंधरा दिवस मी स्वतःला शिव्या घालतेय!"

"निम्म्या इकडं पाठवा. आता माझं ऐका. आकडे निकेलचे करतो, पाणी नवं भरतो. तरी आधी अर्धा दिवस भंगारातला निकेलचा पत्रा टांगू. उरलंसुरलं लोखंड तो अंगावर घेईल, मग आपला खरा पत्रा आत."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"मुलाम्याच्या हौदाच्या काठावर."

शुक्रवारी साहेब आले. पत्रा गप्प, बुडबुडा औषधाला नाही. शंभरातल्या चौऱ्याण्णव भागांचं आम्ल झालेलं.

"लेप बदलला का?" साहेबांनी विचारलं.

"आकडे बदलले," मॅडम म्हणाल्या. "काकांनी पकडलं."

"लावलेही मीच होते," काकांनी सांगून टाकलं.

साहेब हसले. टेबल राहिलं.

घरी काकांनी सगळं रंगवून सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि करपलेलं पातेलं पुढ्यात ठेवलं. "एवढं कळतंय ना? मग हेही पकडा."