ऋत्विक मयेकर धावायचा थांबला

रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट होते. ऋत्विक मयेकर तिथेच फुटबॉल शिकला. गावातली बाकीची पोरं क्रिकेट खेळायची. त्यातल्या दोघातिघांना विनवण्या करून तो गोलकीपर बनवायचा. पुढे दीपकमामाने त्याला मुंबईला नेऊन एका अकादमीत घातलं आणि विशीत पोचेपर्यंत तो एका व्यावसायिक क्लबाचा फॉरवर्ड झाला.

त्या क्लबात गोल मारायला परदेशी खेळाडू होते. भारतीय फॉरवर्डला शेवटची काही मिनिटं मिळायची, तीसुद्धा विंगवर. पण बचावपटूच्या खांद्यामागून सुटायचं आणि बॉल पोचायच्या आत आपण पोचायचं, ही गोष्ट ऋत्विकला जमत होती. तिसऱ्या मोसमात परदेशी स्ट्रायकर जखमी झाला. ऋत्विक सुरुवातीपासून खेळू लागला आणि सामन्यामागून सामन्यात गोल करत गेला. मोसम संपल्यावर दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबाने त्याला बोलावलं. नवी जर्सी घालून फोटो काढून झाले. फक्त मेडिकल राहिलं होतं.

ईसीजी झाला, मग छातीची सोनोग्राफी, मग परत एकदा तीच. दुसऱ्या दिवशी एमआरआय. क्लबाच्या डॉक्टरांनी त्याला खोलीत बसवून सांगितलं, ‘‘तुझ्या हृदयाचा स्नायू एका बाजूने जाड झालाय. जन्मजात असतं हे. साधं आयुष्य छान जगशील. पण जोरात धावताना ते बंद पडू शकतं.’’

‘‘मला काहीच होत नाही,’’ ऋत्विक म्हणाला. ‘‘एकदासुद्धा चक्कर आली नाही.’’

‘‘बऱ्याच जणांना पहिल्यांदा होतं ते शेवटचंच होतं.’’

त्याने मुंबईत दोन डॉक्टर केले. दोघांनी तेच सांगितलं. चाला, जिना चढा, धावू नका. ते फोटो कुठे छापून आलेच नाहीत.

तो घरी आला. आई, सगुणा, रोज त्याच्या आवडीचं रांधायची आणि तो निम्मं टाकून उठायचा. एका सकाळी ओहोटी बघून तो किनाऱ्यावर गेला आणि धावत सुटला. पूर्ण वेगाने, जणू पुढे गोल आहे असा. सगुणा मागून आली. तिच्याने धाववत नव्हतं. तिने हाका मारल्या, त्या वाऱ्यावर गेल्या. शेवटी ती वाळूत बसून राहिली. तो खडकापर्यंत जाऊन परत आला, तेव्हा त्याचा श्वास धावल्यावर नेहमी असतो तसाच चालू होता.

‘‘बघ, काय झालं मला?’’ तो ओरडला.

सगुणाने त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं आणि त्याच्या छातीवर तळहात दाबून धरला. ऋत्विक तिच्याजवळ बसून राहिला. त्यानंतर तो धावला नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हे रक्तातून येतं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करा. सगुणाची झाली, धाकट्या बहिणीची, सानिकाची झाली. दोघींचं हृदय चांगलं निघालं. राहिले बाबा.

आत्माराम मयेकर मालवाहू जहाजावर बोसन होते. डेकवरच्या खलाशांचे मुकादम म्हणा. त्यांचे वडील, सखाराम, चाळिशी ओलांडल्या-ओलांडल्या होडीत जाळं ओढताना कोसळून गेले होते. दर्यावर काहीतरी बाहेरचं लागलं, असं गाव म्हणत आलं होतं. ऋत्विकला आता वेगळंच वाटत होतं.

शिमग्याच्या आधी आत्माराम सुट्टीवर आले. त्यांनी मुलाला जवळ घेतलं, पाठ थोपटली आणि फुटबॉलचा विषय काढला नाही. ऋत्विकनेच तपासणीचा विषय काढला. फार ओढाताण न करता ते तयार झाले.

रत्नागिरीतल्या दवाखान्यात दोघे बाकावर बसले होते. पुढचा नंबर त्यांचा. आत्माराम उठले. ‘‘जरा चहा मारून येतो.’’

नंबर आला, गेला. ऋत्विकने टपरी बघितली, मेडिकलचं दुकान बघितलं. फोन केला तेव्हा मागे एसटीचा आवाज येत होता. बाबा घराकडे निघाले होते.

घरी ते पडवीत बसलेले सापडले.

‘‘मी दर काँट्रॅक्टला मेडिकल पास होतो,’’ ते म्हणाले.

‘‘तिथे फक्त ईसीजीची पट्टी काढतात, बाबा. माझीपण आधी दोनदा नॉर्मल म्हणून दिलेली.’’

‘‘मग तुला कळलं, त्याने काय मिळालं? खेळ गेला ना? मला कळलं तर जहाज जाईल. अठराव्या वर्षापासून मी दुसरं काय केलंय? घरी बसून काय करू, माड मोजू?’’

‘‘आणि आजोबांसारखं झालं तर?’’

आत्माराम हळूच म्हणाले, ‘‘त्या क्लबाच्या डॉक्टराने तुला आधी विचारलंन असतं, तपासू की नको, तर तू काय म्हणाला असतास? खरं सांग.’’

ऋत्विकला उत्तर ठाऊक होतं. तो पळून गेला असता. जर्सी घालून थेट मैदानात गेला असता.

एक वाट होती. जहाज कंपनीच्या मुंबईतल्या एजंटचा नंबर घरात होता. एक फोन केला असता तर त्यांनी बाबांची पूर्ण तपासणी केल्याशिवाय त्यांना चढू दिलं नसतं. ऋत्विकने आईला विचारलं.

‘‘नको करू,’’ सगुणा म्हणाली. ती मासे साफ करत होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘कर.’’ मग विळी बाजूला सारून तिने पदराने डोळे पुसले. ‘‘मला विचारू नको रे बाबू. माझ्याने सांगवत नाय.’’

त्याने नंबर लावला. पलीकडून एका बाईने कंपनीचं नाव घेतलं. त्याच्या डोळ्यांसमोर क्लबाच्या डॉक्टरांची ती खोली आली, आणि समोरच्या खुर्चीत बाबा. ‘‘राँग नंबर,’’ म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावायचं धाडस त्याचं झालं नाही. न लावण्याचं समाधानही मिळालं नाही.

जायच्या दिवशी तो बाबांना सोडायला रत्नागिरी स्टेशनवर गेला. जिन्यापाशी त्याने मोठी बॅग उचलली, तशी आत्मारामनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

‘‘तू वजन उचलू नको.’’

‘‘बाबा, तुम्हीपण...’’

पण ते बॅग खांद्यावर टाकून पायऱ्या चढायला लागले होते. ऋत्विक रिकाम्या हातांनी मागून चढला. बाबांची पाठ वर-खाली होत होती. श्वास जड होत होता, की बॅगच जड होती, ते त्याला कळेना. वर पोचल्यावर आत्मारामनी घाम पुसला आणि सवयीने हसले. गाडी आली, ते चढले, खिडकीतून हात हलला.

आता ऋत्विक जुन्या क्लबासाठी घरी बसून सामन्यांचे व्हिडिओ बघतो. कोणता फॉरवर्ड कुठे सुटला, कुणाला उशीर झाला, हे लिहून पाठवतो. काम बरं आहे, असं तो विचारणाऱ्यांना सांगतो. जहाज बंदरात असलं की आत्माराम फोन करतात, पाण्यात असलं की कित्येक दिवस काही कळत नाही. सगुणाने देवापुढचा दिवा सकाळ-संध्याकाळ लावायला घेतलाय. गेल्या आठवड्यापासून जहाज पाण्यात आहे.