वर्लीन ह्रुस्काची चिली

आमच्या सहावी ते आठवीच्या शाळेच्या पालक संघात वर्लीन ह्रुस्का ही एकच पालक अशी होती, जिचं मूल अडतीस वर्षांचं झालं होतं. लेक डेन्व्हरला बँकेत नोकरीला, तिला स्वतःची दोन पोरं. ती या शाळेतून बाहेर पडली तेव्हा मी सहावीत होते. लेक गेली, वर्लीन मात्र राहिली. बँडच्या पोरांचे कोट शिवायचे असोत, बास्केटबॉलच्या सामन्याला मक्याच्या लाह्या विकायच्या असोत, नाटकाचे पडदे इस्त्री करायचे असोत, वर्लीन हजर. नवरा एड गेल्यावर तर जास्तच. रिकाम्या घरात फ्रीजचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा लाह्या विकलेल्या बऱ्या, म्हणायची.

मी संघाची अध्यक्ष. हे काही मानाचं पद नाही. सभेला उशिरा पोचले आणि निवडली गेले. दिवसभर पशुखाद्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी वाद घालायचा आणि संध्याकाळी पालकांशी. पॅट्रिस डॉलन नावाची एक आई आहे, तिच्या नाकावर कायम राग. तिनं त्या वर्षी ऑक्टोबरच्या सभेत ठराव आणला की, ज्यांची मुलं सध्या शाळेत आहेत त्यांनीच संघात काम करावं.

"नाव पालक संघ आहे," ती म्हणाली, "आजी संघ नाही."

वर्लीन समोरच बसली होती, मांडीवर कुणाचा तरी बँडचा कोट. सुई थांबली नाही, पण कान लाल झाले. मला संताप आला. मी म्हटलं, "पॅट्रिस, तू मागच्या वर्षी एका कार्यक्रमाला आलीस आणि अर्ध्यातून गेलीस. आजी संघच बरा." ठराव जानेवारीवर ढकलला. पण वर्लीनला कळून चुकलं की आपलं इथलं पाऊल आता निसरड्यावर आहे. त्या संध्याकाळी गाडीत बसताना ती मला म्हणाली, "डिसेंबरचं जेवण नीट पार पडू दे, मार्ला. मग बघू."

डिसेंबरचं जेवण म्हणजे चिलीचं जेवण. बँडच्या हिवाळी कार्यक्रमाआधी शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडतात. घरोघरच्या बायका, आणि आता काही बाप्येसुद्धा, स्लो कुकर भरून चिली आणतात: खिमा, राजमा, टोमॅटो आणि सोबत दालचिनीचे गोड रोल. आमच्याकडे नेब्रास्कात चिलीबरोबर रोल नसला तर लोक स्वयंपाकिणीकडे आजारी आहे की काय अशा नजरेनं बघतात. त्या जेवणावर उशिराची बस चालते. सरकारी बस शाळा सुटली की निघते. बँड, नाटक, कुस्ती यांसाठी थांबणाऱ्या शेतावरच्या पोरांना घरी पोचवणारी दुसरी बस संघाच्या पैशांवर. जेवण फसलं तर ती पोरं शाळा सुटली की सरळ घरी.

आधी परीक्षक प्रत्येकाच्या भांड्यातली चमचाभर चिली चाखतात आणि जिंकणाऱ्याला सोनेरी रंग दिलेली एक जुनी पळी मिळते. ती पळी इतक्या वर्षांत बहुतेक वेळा वर्लीनच्याच भिंतीवर टांगलेली. काय घालतेस गं, असं विचारलं की म्हणायची, "वेळ घालते." मग सगळी भांडी एका मोठ्या पातेल्यात ओततात. कुणाची चिली संपली आणि कुणाची तशीच राहिली, असं व्हायला नको. एखादीचं मन दुखावण्यापेक्षा आम्ही सगळ्यांची चव बिघडवतो.

त्या वर्षी सहावीत ब्रिन ओकसन होती. ट्रॉम्बोन वाजवायची आणि हसताना तोंडावर हात धरायची. तिला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे जिवावर बेततं. तिची आई शॅनन तिचा डबा प्रत्येक कार्यक्रमाला घरून आणायची. सगळी पोरं एका रांगेत आणि ब्रिन कोपऱ्यात डबा उघडून, हे मला बघवत नव्हतं. मी शॅननला म्हटलं, "यंदा मी स्वतः प्रत्येक भांड्यापाशी जाऊन विचारते. तिला सगळ्यांबरोबर जेवू दे." शॅनन म्हणाली, "तू विचारणार?" "मीच." मग ती हो म्हणाली.

आणि मी विचारलं. भांडं ओतायच्या आधी एकेकाला गाठून विचारलं, "शेंगदाणा, बदाम, काजू, असलं काही?" सगळे नाही म्हणाले. वर्लीनही नाही म्हणाली, आणि माझ्या दंडावर थोपटून म्हणाली, "बरं केलंस विचारलंस ते."

पळी तिनंच जिंकली. पॅट्रिस दुसरी आली आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग सगळी भांडी पातेल्यात गेली आणि रांग सुरू झाली. शॅनन पलीकडे रोल वाटत होती. वर्लीन सोनेरी पळीनंच चिली वाढत होती, मी तिच्याशेजारी वाडगे देत होते, पॅट्रिस माझ्या मागे नॅपकिन मोजून देत होती, जणू घरचे आहेत.

लेन कुबिक नावाचे म्हातारे शेतकरी रांगेत आले. नातू बँडमध्ये ड्रम वाजवतो म्हणून आलेले. वाडग्यात डोकावून कुरकुरले, "चिली आहे, रोल आहे. पीनट बटरचं सँडविच कुठाय? आमच्या वेळी शाळेत चिलीबरोबर ते असायचंच."

"शाळेत ते आता चालत नाही, लेन," वर्लीन हसत म्हणाली. "आणि सँडविच कशाला हवंय? ते तर आधीच—"

ती थांबली. पळी हवेतच राहिली आणि तिच्यातून चिली टेबलक्लॉथवर ठिबकायला लागली. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला वाडगा खाली ठेवला.

"मार्ला," ती हळूच म्हणाली, "ब्रिन कुठाय?"

"का? काय झालं?"

"मी घालते. मोठा चमचाभर, शेवटी. माझी आई घालायची."

"अगं, पण मी तुला विचारलं होतं!"

"विचारलंस तेव्हा डोक्यातच आलं नाही गं. ते काही मी घालते असं नाही, ते हातच घालतो. चिली म्हटलं की ते आलंच."

मागून पॅट्रिसने माझा कोपर धरला. तिनं सगळं ऐकलं होतं. "ओरडू नका," ती दातांवर दात धरून म्हणाली. "गोंधळ माजेल. पातेलं गुपचूप आत नेऊ, गरम करायला नेतोय म्हणून सांगू. मुलीला मी बघते."

एक क्षण, मी खोटं बोलत नाही, मलाही ते पटलं. समोर सगळं गाव बसलेलं, बस डोळ्यांपुढे, आणि जानेवारीचा ठराव. वर्लीनच्या डोळ्यांपुढेही तेच असणार. तिचं जे काही उरलं होतं ते सगळं त्या जिममध्ये होतं.

ती शेजारच्या खुर्चीवर चढली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघा दुखणारी. सोनेरी पळी तिनं पातेल्याच्या काठावर दणादण आपटली.

"खाली ठेवा! सगळ्यांनी चमचे खाली ठेवा! चिलीत पीनट बटर आहे, मी घातलंय! ब्रिन ओकसन कुठाय?"

ब्रिन बँडच्या पोरांमध्ये बसली होती, अर्धा वाडगा संपवून. मान खाजवत होती. नंतर म्हणाली, कोटाची कॉलर टोचतेय असं वाटलं. शॅननच्या हातातला रोलांचा ट्रे खाली पडला. ती धावली, लेकीची कॉलर सोडवली, आणि गळ्यावर लाल लाल चट्टे.

"माझी पर्स! इंजेक्शन पर्समध्ये आहे!"

पर्स ऑफिसात होती. स्वयंसेवकांनी पर्सा ऑफिसात कुलपात ठेवायच्या, हा नियम माझा. किल्ली माझ्या गळ्यात. मी धावले. आयुष्यात इतकी कधी धावले नव्हते, आणि ऑफिसच्या दाराशी किल्ली कुलपात जाईना. मी स्वतःलाच शिव्या दिल्या, दोन्ही हातांनी किल्ली धरली, दार उघडलं, सगळ्याच पर्सा उचलल्या आणि परत पळाले. समोरून ब्रिनच्या खोकण्याचा आवाज येत होता, शिट्टीसारखा.

शॅननने इंजेक्शनचं पेन मुलीच्या मांडीत पँटवरूनच खुपसलं आणि दाबून धरलं. आमच्या गावचे अर्धे अग्निशामक तिथेच चिली खायला आले होते. ते रस्त्यापलीकडच्या आपल्या ठाण्यातून रुग्णवाहिका घेऊन आले. त्यांनी ब्रिनला ऑक्सिजन लावला, स्ट्रेचरवर घेतलं. ती रडत होती. रडतेय म्हणजे श्वास येतोय, एवढंच मी मनाशी धरून होते.

रुग्णवाहिकेचं दार बंद झालं तरी वर्लीन तशीच खुर्चीपाशी उभी होती. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "घालणारी मी एकटीच आहे ना? दवाखान्यात कळवायला हवं. पोटात किती गेलंय ते त्यांना माहीत हवं."

मग लेनच्या सुनेनं हात वर केला, खांद्याच्याही खाली. "मी थोडंसं घालते. दाटपणाला." तिच्या मागे बँडच्या सरांची बायको. आणि मग, मान खाली घालून, पॅट्रिस. आमच्या मुलखात ज्याची त्याची गुप्त चव एकच निघाली, आणि प्रत्येकीला वाटत होतं ती आपल्या घरातच आहे. माझ्या तोंडाकडे पाहत प्रत्येकजण नाही म्हणाला होता, आणि एकही खोटं बोलत नव्हता. पॅट्रिसबद्दल मात्र मला आजही खात्री नाही.

चिली कचऱ्यात गेली. कार्यक्रम रद्द झाला. लोकांनी रोल खाल्ले आणि पैसे कुणीच परत मागितले नाहीत. शॅननचा निरोप आला, ब्रिन बरी आहे, सकाळपर्यंत ठेवून घेणार आहेत. मी तो मोठ्यानं वाचला आणि रडले. लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्लीन दुकानात आली, सोनेरी पळी माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, "मला आता बोलवू नकोस." माझं काही ऐकून न घेता निघून गेली.

जानेवारीच्या सभेत ठराव यायचाच होता. पॅट्रिस गप्प बसली होती, पण तिच्या बाजूनं बोलणारे दुसरे होते. तेवढ्यात शॅनन उठली. संघाच्या सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"मी वर्लीनला माफ केलंय असं नाही," ती म्हणाली. "अजून झोपेत दचकते मी. पण त्या पातेल्यात कुणाकुणाचं होतं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. ओरडली एकटीच. ती जाणार असेल तर मीही जाते, आणि माझी मुलगीही."

ठरावाला कुणी अनुमोदनच दिलं नाही. मी त्याच संध्याकाळी वर्लीनच्या घरी गेले आणि शॅनन काय बोलली ते शब्दन् शब्द सांगितलं. माफ केलं नाही, तेसुद्धा. वर्लीन म्हणाली, "विचारायचं काम मला दे. तुला विचारता येत नाही."

पुढच्या डिसेंबरात ती स्वतः चिली घेऊन आली नाही. भांड्यांच्या रांगेपुढून फिरत होती, आणि शेंगदाण्याचं नावही काढत नव्हती. एकेकाला एकच विचारायची, "तुझी आई काय घालायची?"

उत्तरं अशी यायला लागली की ऐकणाऱ्यानं थक्क व्हावं. कॉफी. कोको. बिअर, पण पाद्रींना सांगू नका. एक नवा बाप लालबुंद झाला आणि पुटपुटला, "पीनट बटर... पण मी अर्धाच चमचा." त्याचं भांडं तिनं उचलून थेट बाहेर गाडीत ठेवायला लावलं, त्याला हात साबणानं धुवायला पाठवलं आणि तो आल्यावर वर म्हणाली, "आई सुगरण होती रे तुझी."

माझ्यापाशी आली. "मार्ला, तुझी आई काय घालायची?"

"माझी आई कसली स्वयंपाक करतेय? तयार चिलीचा डबा उघडायची. मीही तेच केलंय."

"मग डबा दाखव."

"वर्लीन, डबा माझ्या घरी कचऱ्यात आहे!"

"मग आण."

अध्यक्ष असून मी घरी गेले, कचऱ्यात हात घातला आणि डबा आणला. तिनं चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग माझी चिली पातेल्यात ओतू दिली.

शॅनन ब्रिनचा डबा घेऊन आली होती. ब्रिन रांगेकडे पाहत होती, डबा न उघडता. शॅनन पातेल्यापाशी आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"देऊ का?" तिनं वर्लीनला विचारलं.

वर्लीननं लगेच हो म्हटलं नाही. ती पुन्हा रांगेच्या पहिल्या टोकाला गेली आणि एकेका स्वयंपाक्याला तेच सगळं पुन्हा विचारत आली. जेवण तेवढा वेळ थांबलं, कुणी कुरकुरलं नाही. मग तिनं नवी पळी मागवली, वाडगा भरला आणि स्वतः नेऊन ब्रिनपुढे ठेवला. ब्रिननं पहिला चमचा तोंडात घातला. शॅनन एका बाजूला, हातात पेन. वर्लीन दुसऱ्या बाजूला. वाडगा रिकामा होईपर्यंत दोघींतली एकही खाली बसली नाही.