जैबुननं न ऐकलेली सुरुवात

जैबुन गेली. आता मले भांडायले कोणी उरलं नाही.

आज देऊळघाटहून तिची मयत करून आली, तेव्हापासून ओसरी ते मोरी, मोरी ते ओसरी करून राह्यली. नातू म्हणते, "आजी, एका जागी बस, मले टाइप करू दे."
मले लिहिता येत नाही, त्याले धीर धरता येत नाही. असा आमचा कारखाना.

लहानपणी आम्ही मोताळ्यात शेजारी. जैबुनचे अब्बा लाखेच्या बांगड्या करायचे. सीपी-बेरारचा, इंग्रजाचा जमाना. कापसाच्या जिनातला गोरा साहेब विलायतेले परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या गाण्याच्या रेकॉर्डी अब्बांनी पेटीसकट उचलल्या.

ऐकायले नाही हो. वितळवायले!

तेव्हाच्या रेकॉर्डीत लाख असे. फोडायची, भट्टीत टाकायची. मोताळ्याच्या बाया विलायती गाणी मनगटात घालून बाजार करत.

एक रेकॉर्ड जैबुननं भट्टीच्या तोंडातून चिमट्यानं ओढली. काठ वितळून पापडासारखा वाकडा.

अब्बा ओरडले, "अगे, मेरी दो चूडियां गई ना!"
"तो मेरी शादी में दो कम पहनाना!"

एवढीशी पोरगी. अब्बा हसले, रेकॉर्ड वाचली.

आमच्या घरी भोंग्याचा फोनो होता. काठावर सुई टिकेना, म्हणून आतून टेकवायची. त्यामुळे आमचं गाणं मधूनच सुरू व्हायचं. एकदम पितळी बाजा, जोरात.

शब्द एक नाही. लग्नातल्या बँडसारखा बाजा, पण सरळ चालतच नव्हता. मधीच थांबे, उडी मारे, पुन्हा धावे. आमचे पाय खाली टिकत नसत.

मी म्हणो, "हा भांडून राह्यला."
"नाही वं. बोलावून राह्यला कोणाले तरी."
"इतक्या जोरात?"
"दूर गेली असन ती."

या एका गोष्टीवर आम्ही जन्मभर भांडलो. तिच्या घरचा शीरखुर्मा खाता खाता भांडलो. फोनो कधीचा मोडला, रेकॉर्ड तिच्या पेटीत गेली, भांडण चालूच.

मागच्या ईदले नातवानं रेकॉर्डीवरच्या कागदाचा फोटो काढला. काल त्याले तेच गाणं मोबाइलवर सापडलं.

"आजी, हे जॅझ आहे. अमेरिकेतलं, जवळपास शंभर वर्षांमागचं. अख्खं आहे. सुरुवातीपासून."

सुरुवातीपासून!

ऐकलं. आधी बाजा नाहीच. आधी एक बारीक, सनईसारखं काहीतरी. हळू बोलते, बोलता बोलता दूर जाते, गप्प होते.

मग आपला बाजा येते. तिचीच चाल धरून. तिच्या मागं.

बोलावूनच राह्यला होता वं.

म्हटलं, उद्या पहिल्या गाडीनं जातो, तिले ऐकवतो, मी हरली म्हणतो. वर्षभर टोमणे मारन. मारू दे.

देऊळघाटचा फोन आधी आला.

मयतीच्या घरात गाणं कसं वाजवणार? मोबाइल मुठीत धरून बसली. जनाजा उचलायच्या आधी तिच्या सुनेनं मले जवळ बसवलं.

मी जैबुनच्या कानात सांगितलं, "तू खरी. आधी ती बोलते, मग तो."

जन्मात पहिल्यांदा जैबुन "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली नाही.

मी हरली, जैबुन.
नीट जा.