खोटी बॅट फिरवायची नाही

इथे जपानमध्ये, उरायासुत, आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे आजोबा जन्मापासून बहिरे. आम्हा बायकांच्या हौशी बेसबॉल टीमला तेच शिकवतात, हातवारे करून आणि मोबाइलवर टाइप करून. तरुणपणी ते कारखान्याच्या टीमचे पिचर, चेंडू टाकणारे, होते. म्हणजे फक्त सरावापुरते! ऐकू येत नाही, मॅचमध्ये बिचाऱ्याची फजिती होईल, असं म्हणत त्यांना एकदाही उतरवलं नाही. मैदानावरच्या क्लबात त्या टीमचे फोटो लावलेत. एकातही आजोबा नाहीत.

यंदा क्लबच्या नव्या अध्यक्षांना हे कळलं आणि स्पर्धेचा मानाचा पहिला चेंडू आजोबांनी टाकायचा असं ठरलं. समोर बॅट घेऊन मी. इथली रीत अशी, की या चेंडूवर मुद्दाम हवेत बॅट फिरवायची. चेंडू लागू द्यायचा नाही, म्हणजे टाकणाऱ्याचा मान राहतो.

आदल्या दिवशी आजोबांनी मला जिन्यात अडवलं आणि मोबाइल नाकासमोर धरला. ‘उद्या खोटी बॅट फिरवू नकोस. तेव्हा दया करून बाहेर बसवलं, आता दया करून बोलावतायत. मला पिचर समजून खेळ.’

घरी नवरा म्हणाला, “अगं, सगळ्यांसमोर म्हाताऱ्या माणसाला फटका मारणार? नसती आफत ओढवून घेऊ नकोस.”

“मग तू जा बॅट घेऊन!” मी खेकसले. पण त्याचंही खरं होतं. मारला तर इथे तोंडावर कुणी काही बोलणार नाही, फक्त बोलावणं बंद होईल. नाही मारला तर आजोबांना तोंड कसं दाखवू?

सकाळी मी बॅट घेऊन मैदानात उभी राहिले. आजोबांनी हात मागे नेला. चेंडू सरळ आला, मी जीव खाऊन बॅट फिरवली आणि मेला ऐन वेळी खाली वळला! साफ हुकला. खरोखरचा हुकला!

सगळीकडून टाळ्या. अध्यक्ष फुलं घेऊन निघाले. आजोबांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना वाटलं, मीही रीतच पाळली.

“अहो, खरंच हुकला!” मी ओरडले, तेही मराठीत, तेही कुणाला! स्वतःचाच असा राग आला. जागेवरून हलायचं नाही असं ठरवून मी पाय रोवले आणि बॅट पुन्हा खांद्यावर घेतली. मागून टीममधल्या बायका ‘चल, परत ये’ करत होत्या. टाळ्या थांबल्या.

अंपायरने माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. मानाच्या चेंडूला कधी निकाल देत नाहीत. त्याने मास्क चढवला आणि उजवा हात झोकात वर केला. स्ट्राइक! म्हणजे हुकलेला चेंडू खऱ्या खेळासारखा मोजला. माझ्यामागे चेंडू झेलायला बसलेल्या कॅचरने तो आजोबांकडे परत फेकला.

दुसरा चेंडू मी मारला. सणसणीत, आजोबांच्या डोक्यावरून. टाळी एकही वाजली नाही. अरे देवा, संपलं सगळं, असं वाटून मी समोर पाहिलं. आजोबा चिडून ग्लोव्ह मांडीवर आपटत होते. फुलं घेऊन आलेल्या अध्यक्षांना त्यांनी हाताने बाजूला सारलं आणि चेंडू मागितला.