न चालवता घेतलेली लेथ

चारुशीलानं आयटीआयला टर्नरचा, म्हणजे लेथ यंत्रावर लोखंड कातायचा, ट्रेड केला, तेव्हा वर्गात ती एकटीच मुलगी होती. नोकरी मात्र कारकुनाची लागली आणि लोखंड हातातून सुटलं ते सुटलंच. निवृत्त झाल्यावर तिनं घरी सांगून टाकलं, "मला जुनी लेथ घ्यायची आहे. पितळेचं छोटं वाफेचं इंजिन करणार. खरंखुरं चालणारं."

"या वयात बायका भजनी मंडळात जातात," तिचे यजमान कृष्णकांतराव म्हणाले.

"तिथे तर मी जातेच."

नवी लेथ परवडणारी नव्हती. जुन्या पाहायला गेलं, की त्यांवर ताजा हिरवा रंग. "म्हातारीला पावडर थापलीय," म्हणून ती परत फिरायची. शेवटी कामठीच्या मधुकररावांचा पत्ता लागला. यंत्रमागांचे सुटे भाग करायचं त्यांचं वर्कशॉप बंद होत होतं. "खंडेनवमीले या ताई, दिवस चांगला आहे," ते फोनवर म्हणाले. तिलाही ते पटलं.

कृष्णकांतरावांना घेऊन गेली, तर लेथ पुजलेली. दांडा पकडायच्या चकाला झेंडूचा हार, खालच्या लांब लोखंडी बेडवर हळदकुंकू नि अक्षता, टूल सरकवायच्या चाकावर आंब्याची डहाळी.

"साहेब, मशीन एक नंबर आहे," मधुकरराव कृष्णकांतरावांना सांगू लागले.

"मला काय सांगता? घरचा बल्बसुद्धा हीच बदलते."

"जरा चालवून दाखवा ना," चारुशीला म्हणाली.

"आज? पूजा झाली ना ताई! आज कोणी मशीनले हात लावते का? उद्या येता तर या, पण खाप्याचा एक जण पाहाले येऊन राहिला."

तिनं जीभ चावली, लेथला हात जोडले आणि तिथेच व्यवहार करून टाकला.

घरच्या पोर्चमध्ये लेथ बसली, आणि मग सुरू झाला वैताग. कुठलाही दांडा कातला, की चकाकडचं टोक जाड. तिनं पायाखाली पत्रे सारून लेथ समतल केली. दांडा तसाच. बेअरिंगं बदलली, मोटर बदलली, नवा चक आणला. दांडा तसाच. पिस्टन सिलिंडरमध्ये अर्ध्यावर जाऊन अडकायचा तो अडकायचाच. वर कुसुमताई, तिची नणंद, दर फोनला विचारणार, "काय वं, सुटली का तुझी गाडी?"

"अगं, आता यात जुनं उरलं तरी काय?" एकदा कृष्णकांतराव वैतागून म्हणाले.

"बेड," ती म्हणाली आणि लेथकडे वळली.

टूल धरून बेडवर सरकणारा भाग तिनं चकाजवळ आणून हलवला. डुगडुगत होता. कसून घट्ट केला, तर दुसऱ्या टोकाकडे जाताना रुतून बसला. म्हणजे बेड चकाजवळच झिजलेला. वर्षानुवर्षं तिथेच आखूड भाग कातले होते. त्या दिवशी डहाळी बाजूला करून चाक फिरवलं असतं, तर तिथल्या तिथे कळलं असतं.

तिनं तणतणत कामठीला फोन लावला. "बेड झिजलाय, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना. झिजली म्हणूनच तर एवढ्या स्वस्तात देल्ली. तुम्ही काहून नाही विचारलं? हात जोडले, मले वाटलं पसंत आहे."

तिनं फोन ठेवला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण मन लागेना. खंडेनवमीला मशीन चालवू नये, एवढंच तर होतं. त्याच दिवशी घ्यावी असं कोणी म्हटलं होतं? देवाशी भांडावं तर त्याची चूक सापडेना.

हिंगण्याला बेड ग्राइंड करून, म्हणजे घासून सपाट करून, मिळतो, पण खर्च जवळजवळ लेथएवढाच.

"विकून टाक," कृष्णकांतराव म्हणाले. "घेईल कोणी तरी."

"मी चालवून दाखवीन. मग कोण घेईल?"

दुसऱ्या दिवशी पदर खोचून ती हिंगण्याला न्यायचा बेड सोडवायला बसली. सगळे बोल्ट निघाले, एक गंजलेला हलेना. तिनं पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, दात-ओठ खाऊन जोर लावला. पाना सटकून बोटं सोलवटली.

"आणि ग्राइंड करूनही पिस्टन अडकला तर?" कृष्णकांतरावांनी विचारलं.

"तर अडकला. उभे काय राहिलात? धरा तिकडून."

त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पाइप धरला.