सुमनची हजेरी

परवा नाशिकच्या शाळेत मुलांची नावं ऑनलाइन नोंदींशी ताडून पाहण्यासाठी जुना हजेरीपट उघडला. त्याचा कुबट वास आला आणि मला शिक्षिका म्हणून नांदगावकडची माझी पहिली शाळा आठवली.

तिथे पटपडताळणी होणार होती. एक जरी मूल कमी भरलं तरी शिक्षकाचं एक पद जाणार होतं. सातवीतली सुमन दोन महिने आली नव्हती, पण मी रोज तिची हजेरी लावत होते. पडताळणीच्या आदल्या दिवशी तिला बोलवायला घरी गेले. तिची आई ओट्यावर कांदे निवडत होती.

"तिचं लगीन लावलं बाई. येवल्याकडं दिली," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "शाळेतून कुणीच कसं आलं नाय? तुम्ही बोलला असता तर तिचा बाप थांबला असता. मी लय वाट पाह्यली."

मी तशीच परतले.

दुसऱ्या दिवशी पडताळणीला आलेल्या साहेबांनी सुमनचं नाव पुकारलं. "आज आजारी आहे," मी म्हणाले. त्यांनी दोन महिन्यांची हजेरी पाहिली आणि सही केली. पद वाचलं. त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं, आणि तेच आता सहन होत नाही.